पायरीवर बसून घेतलेलं उत्तर

वाचनालयाचा हा फलक रोज वाचणाऱ्या देवासकर मंडळींनो, संस्थान विलीन झाल्यापासून आपल्याला कोणी विचारत नाही, ही आपल्या सगळ्यांचीच तक्रार आहे. आज सकाळी मला विचारायला कोणीतरी आलं, आणि मी खोटं बोललो.

आली होती सुमन. दरबारासाठी खोगिरं शिवणाऱ्या गणपतची मुलगी. विद्यापीठात समाजशास्त्र विभागात शिकते. घरोघरच्या चालीरीतींची तिची पाहणी पसंत पडली, तर तिथेच अध्यापिकेची जागा मिळण्याची तिला आशा आहे. मी तिला ओसरीच्या पायरीवर बसायला सांगितलं आणि स्वतः आत झोपाळ्यावर बसलो.

"काका, तुमच्याकडे कोणाला बाहेरच बसवतात का?"

"छे. समतेवर व्याख्यानं देणारा माणूस मी. लिही, कोणालाही नाही."

तिने तसंच लिहिलं. मग खाली आणखी एक ओळ लिहिली. ती कसली, असं मी विचारलं.

"उत्तर कुठे बसून घेतलं, तेही टिपावं लागतं, काका."

वही मिटून ती पुढच्या घरी गेली, तरी "आत ये" म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

माझं उत्तर दुरुस्त करायला मी आत्ता तिच्या घरी निघालो आहे. उद्या ती तुमच्या आळीत येईल. तिला तेवढ्यापुरतं आत बसवून माझ्यासारखं खोटं बोलू नका. आजवर कोणाकोणाला बाहेर बसवलं, त्यांची नावं तिला सांगा.