नाताळच्या निवडुंगाचे पाणी

आमची थोरली मुलगी धुळ्याला मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकत होती. नाताळ झाल्यावर सुट्टी घेऊन ती जळगावला आली, तेव्हा एस.टी.त सगळा वेळ मांडीवर एक कुंडी धरून बसली होती. तिच्या मेट्रनबाईंनी दिलेला निवडुंग. चपट्या, जोडजोडून लोंबणाऱ्या फांद्या आणि प्रत्येक टोकाला गडद गुलाबी फूल. घरात निवडुंग ठेवू नये, भांडणे होतात, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "नाना, याला काटे नाहीत. तुमच्यासारखाच आहे, नुसता दिसायला निवडुंग."

त्याच उन्हाळ्यात तिला विषमज्वर झाला. आतडे फुटले म्हणून ऑपरेशन करावे लागले. त्यानंतर तोंडाने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. वैशाखातले धुळे. ती आईकडे एकच घोट मागत राहिली. आईने ओल्या कापसाने ओठ पुसले, पाणी दिले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मुलगी गेली.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. पुढच्या आखाजीला तिच्या नावाची भरली. पण हिचे, तिच्या आईचे, तेवढ्याने भागले नाही. रोज अंघोळ झाली की पहिला तांब्या निवडुंगाला आणि मग तुळशीला, असा क्रम हिने कधी लावला ते माझ्या लक्षात आले नाही. पुन्हा फूल यावे, एवढीच हिची इच्छा होती. झाड हिरवेगार झाले, दुपटीने वाढले, पण दोन हिवाळे गेले तरी फुलले नाही. शेजारची मारवाडी काकू म्हणायची, हे फसवे झाड आहे, फेकून मोगरा लावा. ही दुसऱ्या सकाळी पुन्हा तांब्या ओतायची.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होतो. कापसाची गाडी मोजल्याशिवाय आत घ्यायची नाही, ही माझी सवय. झाडाचेही नीट विचारून घ्यावे म्हणून एकदा कामासाठी धुळ्याला गेलो असताना मेट्रनबाईंना भेटलो. त्यांनी सांगितले, दसऱ्यानंतर संध्याकाळपासून सकाळपर्यंत त्याला पूर्ण काळोखात ठेवा, दिव्याची तिरीपसुद्धा नको. आणि पाणी अगदी थोडे. थोडी तहान लागल्याशिवाय ते कळ्या धरत नाही.

काळोखाचे हिला लगेच पटले. रोज दिवेलागणीला कोठीच्या खोलीत कुंडी नेऊन वर कापसाची टोपली पालथी घालायचे काम हिनेच घेतले. पाण्याचे सांगितले तेव्हा मात्र ही चुलीपुढून उठली. हिचे माहेर धरणगावकडचे, मनाला लागले की बोली माहेरची येते.

"बठ्ठं सुकी जाई ते," ही म्हणाली.

मी समजावले की सुकणार नाही, आठवड्यातून अर्धी वाटी पुरते, मेट्रनबाईंचे झाड याच पद्धतीने दरवर्षी फुलते. फूल बघायचे असेल तर एवढे करावेच लागेल, असेही बोललो. मग हिने तांब्या न्हाणीच्या फळीवर ठेवला आणि अर्ध्या वाटीवर आली.

कार्तिक संपता संपता टोकांवर लाल ठिपके दिसले. मी मोजले, अकरा कळ्या होत्या. खालच्या फांद्यांवर मात्र सुरकुत्या पडल्या होत्या. मला कळ्या दिसत होत्या. ही रोज त्या सुरकुत्यांवरून बोट फिरवायची.

एका रविवारी बाजारातून परतलो तर ओट्यावर पाण्याचा ओघळ आला होता. कुंडी काठोकाठ भरली होती, माती वर तरंगत होती. ही शेजारी भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर रिकामा तांब्या.

"मागत होतं ते," ही म्हणाली. "मला दुसऱ्यांदा नाही जमणार."

कळ्या पिवळ्या पडून गळायला चारपाच दिवस लागले. गळलेल्या कळ्या हिने तुळशीच्या मातीत घातल्या. मग मला विचारले, "फूल नाही आलं तर चालेल ना तुम्हाला?"

तो गुलाबी रंग मला पुन्हा एकदा बघायचा होता. कसा होता ते आता नीट आठवतही नव्हते. मी चालेल म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून ही भरलेला तांब्या घेऊन आली. मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो. आरसा उचलला आणि हिला कुंडीपाशी जायला वाट करून दिली.