फाटकी नळी

आमचे काका आयुष्यात कुठल्याही बंदुकीला "रिकामी आहे" म्हणाले नाहीत. दोन्ही नळ्यांतून आरपार उजेड दिसला तरी नाही. बरकतपुऱ्याच्या फ्लॅटवर कुणी आपली बाराबोर घेऊन आलं आणि "खाली है काका" म्हणालं, की ते त्याला दारातच थांबवायचे. "खाली-बिली माझ्यापुढं बोलायचं नाही. भरलेली आहे असं समजून आत या." मग स्वतः उघडायचे, बोट घालून चाचपायचे, खिडकीच्या उजेडाला धरून बघायचे. सगळं तपासून झाल्यावर म्हणायचे, "ठीक आहे." त्यापुढं एक शब्द नाही.

अख्खी कॉलनी त्यांना बंदूकवाले काका म्हणायची. नोकरी सरकारी खात्यात नकाशे काढण्याची, पण रविवारची सकाळ बंदुकांची. बाल्कनीत जुनं टेबल, त्यावर गोधडी, बाजूला कानशी, तारेचे ब्रश, नळी पुसायचा लांब गज आणि जवसाच्या तेलाची बाटली. त्या तेलाचा वास काकूंच्या पोह्यांनासुद्धा यायचा. लायसनवाले लोक लांबून यायचे. कुणाचा दस्ता चिरलेला, कुणाचा घोडा अडकणारा. पण काकांची अट एकच, मालकानं समोर बसायचं. "पोराला डॉक्टरकडे सोडून घरी जाता का?" असं विचारायचे. पैशाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही.

मलकपेठेहून एक म्हातारे गृहस्थ आजोबांची बंदूक घेऊन आले होते, तो रविवार मी विसरणार नाही. काकांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि दस्त्यावरून नुसता अंगठा फिरवला. मग म्हणाले, "आपके दादा डावे हाथ के थे. और आखिर आखिर में इसपे गाल रखके बहुत रोए." गृहस्थांचा चेहरा पांढराफटक पडला. "आपकू कैसा मालूम?" काका शांतपणे म्हणाले, "पॉलिश इथं मिठानं खाल्लंय." चार महिने रविवारी रविवारी बसून त्यांनी अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता घडवला. गृहस्थ दर वेळी समोर बसून राहिले. जुना तुकडा मात्र काकांनी त्यांच्याच रुमालात बांधून परत दिला. "हा जाळू नका," एवढंच म्हणाले.

आता आमच्या स्वतःच्या बंदुकीचं सांगते. गाव मराठवाड्यात, शेतात रानडुकरं फार, म्हणून आजोबांच्या वेळेपासून लायसन. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, आणि दसऱ्याला शिवेवर गेलं की घरातल्या एकानं हवेत बार काढायचा अशी रीत. मी चार वर्षांची असताना तो मान माझ्या बाबांचा होता. बाबा म्हणजे काकांचे धाकटे भाऊ. त्यांनी चाप ओढला आणि उजवी नळी फुटली. पूजेतला झेंडू कुणीतरी तिच्यात ठासून बसवला होता. बाबा जागच्या जागी गेले. एक डोळा गेलेलाच होता, पण उरलेला मिटेना. काकांनी तीनदा तळहात फिरवला, तो उघडाच राहिला. मला यातलं काहीही आठवत नाही. आईही पुढं लवकर गेली आणि मी काका-काकूंकडे वाढले. खायला-प्यायला, लाडाला कशाला कमी नव्हतं. फक्त ते फूल कुणी घातलं, हे विचारलं की दोघं मुकी व्हायची. मी काही गप्प बसणारी नव्हे. परीक्षेला जाताना विचारलं, लग्न ठरलं तेव्हा विचारलं, भांडताना तर हमखास विचारलं.

केस मिटल्यावर काकांनी ती बंदूक परत आणली. उजव्या नळीचं तोंड फाटून बाहेर वळलेलं. कोठी बाजारातला बंदुकांचा दुकानदार म्हणाला, "इसकू फेको साब." सरकारदरबारी मात्र ते अजून शस्त्रच होतं, म्हणून दर निवडणुकीला काका ते इमानेइतबारे ठाण्यात जमा करून यायचे. शिपाई हसायचे, "काका, ये बंदूक है या मौज का छिलका?" मौज म्हणजे तिकडं केळं. काका हसायचे नाहीत. निवडणूक संपली की पहिल्या दिवशी जाऊन घेऊन यायचे.

रविवारची सगळी कामं उरकली की शेवटी ती बंदूक टेबलावर यायची. गजाला चिंधी गुंडाळायची, फाटक्या नळीतून आरपार ओढायची. चिंधी पांढरीशुभ्र बाहेर यायची. मग ते नळीला डोळा लावायचे आणि कितीतरी वेळ तसेच बसायचे. मी सतराची असेन, एकदा न राहवून विचारलं, "काका, काय आहे हो एवढं त्यात?"

"बघतोय तो. अजून मिटला नाही," काका म्हणाले. "तो एकदा मिटला की माझं काम संपलं."

हट्टानं मीही डोळा लावला. पलीकडे वेडावाकडा उजेड होता आणि समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी. काकांनी बंदूक माझ्या हातातून हळूच काढून घेतली. "तुला नाही दिसायचं. तुझं काही राहिलेलं नाही त्यात."

झेंडूचं फूल आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. दसऱ्याला शेवंती. एकदा शेजारच्या तेलुगू मावशी कौतुकानं झेंडूचा हार घेऊन आल्या, तर काका चपला घालून खाली उतरले आणि हार परत जाईपर्यंत गेटपाशी उभे राहिले. मावशींना वाटलं, यांचं डोकं फिरलंय. मलाही अधूनमधून तेच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

गेल्या दसऱ्याला मी सोनं द्यायला गेले. आता माझेच केस पांढरे झालेत. आपट्याचं पान हातात ठेवलं आणि सवयीनं विचारलं, "आता तरी सांगा, कुणी घातलं होतं ते फूल?" काका या खेपेला मुके राहिले नाहीत. "मी," म्हणाले. "मी घातलं, पोरी."

काय काय बोलले मी त्यांना! "आणि एवढी वर्षं मला घास भरवलेत? त्याच हातानं?" असंही बोलले. काका खाली मान घालून ऐकत राहिले. मी चहाचा कप तसाच ठेवून निघाले आणि नंतर फोनसुद्धा केला नाही. अकराव्या दिवशी काकूंचा फोन आला. काका बाल्कनीत टेबलाशी बसल्या बसल्या गेले होते. बंदूक मांडीवर, डोळा नळीला लावलेला. काकूंनी मिटवायला हात फिरवला, पण तो मिटेना.

तेरावा झाला तरी माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. काकूंनी मला आतल्या खोलीत नेऊन दार लावलं. मी फणकाऱ्यानं म्हटलं, "रडू कसं येईल? त्यांनीच सांगितलंय मला."

"खोटं बोलले ते," काकू म्हणाल्या. "फूल तू घातलंस, बाळा. काकांचं बघून बघून तूही गज उचललास आणि झेंडू आत ठासलास, नळी पुसतात तसं. ते बघत होते. हसले, 'माझी चेली' म्हणाले. नंतर काढू म्हणाले, आणि राहून गेलं. मग मला शपथ घातली. पोरीला कधी कळता कामा नये म्हणाले."

माझा हात किती वेळ मी उलटासुलटा करून बघत बसले होते.

लायसनचा मालक गेला की बंदूक जमा करावी लागते. सोमवारी सकाळी मीच घेऊन गेले. रजिस्टरवाल्या हवालदारानं फाटकी नळी बघून कपाळाला हात लावला. "खोलके दिखाओ अम्मा. खाली होना." मी उघडली, बोट घालून चाचपली आणि सवय नसताना नळीला डोळा लावला.

पलीकडे डोळा होता.

माझ्याच डोळ्याचं प्रतिबिंब पडलं असेल म्हणाल, तर मी मुद्दाम पापणी मिटून उघडली. त्यानं मिटली नाही. काकांचे डोळे काळेभोर होते. हा घारा होता. आमच्या घरात घारे डोळे दोघांचेच, बाबांचे आणि माझे. तो रागावलेला नव्हता. नुसता वाट बघत होता, केव्हापासून कोण जाणे. नळी मी सोडली नाही.

"बाबा," मी त्या नळीत हळूच म्हटलं, "काकांनी नाही हो. मी होते ती."

पापणी सावकाश खाली आली. मग ठाण्याची पिवळी भिंत दिसली आणि फाटक्या कडेचा उजेड, एवढंच. तेव्हा कुठं मला रडू फुटलं. बाबांसाठी नाही. काकांसाठी.

हवालदार गडबडला. पाण्याचा ग्लास पुढं केला, थोडा थांबला, मग पेन उचलून त्यानं हलकेच विचारलं, "लिख लूं अम्मा? खाली है ना?"

आमच्या घरातल्या कुणी कुठल्याही बंदुकीला हा शब्द कधी लावला नव्हता.

"हौ," मी म्हटलं. "अब खाली है."