एव्हारिस्तोची हजेरी

...आणि हेही लिही गं, की एव्हारिस्तो गोदीवरचा हमाल होता, पण पक्का नाही. वालपाराइसोच्या आपल्या टेकडीवरचे सगळे तसेच. रोज सकाळी फाटकापाशी उभं राहायचं. मुकादम नावं पुकारणार, "हजर" म्हटलं तर त्या दिवसाचं काम. ओ दिली नाही की जागा मागच्याची. आणि माणूस दुखणाईत आहे असं कळलं, तर नावच गळालं म्हण.

ते पुकारणं त्याच्या अंगात भिनलं होतं. चहा-पाव खाताना मधेच दचकायचा, "हजर!" एकदा तर चर्चमध्ये, पाद्री बोलत असताना, "हजर!" लोक हसायचे. ओटिलिया, त्याची बायको, नाही हसायची. तिला दिसायचं, दर वेळी त्याचा हात छातीवर जातो.

"दवाखान्यात चला."

"आणि तेवढ्यात नाव पुकारलं म्हणजे?"

शेवटी त्याचा दोस्त निकानोर म्हणाला, "जा की लेका! तुझ्या नावाला मी ओ देतो. गर्दीत कोण बघतंय?" गोदीवर एकमेकांसाठी करायचेच तसं.

गेला, ओटिलियाला घेऊन. दवाखान्यातल्या बाकावर बसला. तेवढ्यात बंदरात जहाजाचा भोंगा वाजला, म्हणजे आता नावं पुकारणार. "निकानोरचा आवाज किरटा गं, मुकादम ओळखेल," म्हणाला नि टेकडीचे जिने उतरत पळालाच. इकडे नर्सनं पुकारलं, "एव्हारिस्तो लेइवा!" ओटिलियाच म्हणाली, "हजर."

"अहो बाई, पेशंट कुठाय?"

पेशंट फाटकापाशी. मुकादमानं नाव घेतलं, तर दोन आवाज एकदम, "हजर!" सगळी गोदी खिदळली. "दोन-दोन एव्हारिस्तो? मला एकच पुरे रे," मुकादम म्हणाला. एव्हारिस्तोही हसला, छाती चोळत. दुपारी साखरेचं पोतं पाठीवर असतानाच कोसळला, तो उठलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं कालचाच कागद वाचला. एव्हारिस्तोचं नाव आलं, नि निकानोर सवयीनं बोलून गेला, "हजर." कोणी हसलं नाही. जो तो मागं वळून बघायला लागला.

अजून भोंगा वाजला की आपल्या जिन्यावरून कुणीतरी धावत उतरतं. ओटिलिया दार उघडून बघते, कुणी नसतं. पावलं मीही ऐकलीत, खोटं कशाला सांगू?

आता हे तुझ्या रोसेंदोमामाला वाचून दाखव. परवा जेवताना छाती चोळत होता. म्हणे, नवं कंत्राट हातात पडू दे, मग दाखवतो डॉक्टरला. त्याला म्हणावं, आजीनं सांगितलंय, उद्याच जा, आणि डॉक्टर आत बोलवेपर्यंत बाकावरून उठायचं नाही.