हशा ऐकून निवडलेलं नाटक

आमच्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, पण कुठल्या पोराला कुठलं नाटक दाखवावं ते मास्तरांनाच विचारावं, असा त्यांचा लौकिक. आईबाप पोराची आवड सांगायचे, मास्तर क्षणभर डोळे मिटायचे आणि तिकीट फाडून द्यायचे.

नाटकं पाहिली होती डोंबलाची! सव्वीस वर्षं मी दारावर उभी आहे, मला विचारा. प्रयोग चालू असताना हा माणूस खिडकी सोडून हलला नाही. भिंतीपलीकडून हशा किती येतो, त्यावर सगळी पारख. मी कुणाला बोलले नाही. कशाला उगाच म्हाताऱ्याची अब्रू काढा?

मास्तरांचा मुलगा गेला, सुनेनं दुसरं लग्न केलं. दहा वर्षांच्या नातीचं दोन वर्षं तोंड दिसलं नव्हतं. मग सुनेचा फोन आला. "रविवारी दुपारी आणते. तिला तुमच्याकडे करमलं तर दर महिन्याला पाठवीन. नाही करमलं, तर आग्रह करू नका." मास्तरांनी हे मला दोनदा सांगितलं. पोरगी म्हणे फुटबॉलवेडी, नाटक म्हटलं की नाक मुरडते.

"आपल्याकडे फुटबॉलचंच लागलंय की! लोक नाट्यगृह डोक्यावर घेतात," मास्तर म्हणाले.

त्या नाटकात एक धांदरट गोलरक्षक पोरगी आहे. तिच्या हातून चेंडू सुटतो आणि लोक हसतात. मीही हसले होते. म्हटलं, "न्या बिनधास्त."

रविवारी पोरगी आली ती जर्सी घालून, गुडघे खरचटलेले. मास्तर खिडकी दुसऱ्यावर सोपवून तिच्याशेजारी तिसऱ्या रांगेत बसले. पहिला चेंडू सुटला, हशा झाला. दुसरा सुटला. मास्तर हसत नातीकडे वळले. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ती खाली बघत होती.

मध्यंतरात ती बाहेर आली. "मी गोलरक्षक आहे," ती म्हणाली. "मागच्या शनिवारी माझ्यामुळे आम्ही हरलो. सगळे असेच हसले. तुम्हाला माहीत होतं ना, यात काय आहे?"

भोवती ओळखीची गिऱ्हाइकं उभी होती. नाही म्हणा हो, मी मनात ओरडले.

"होतं," मास्तर म्हणाले.

पोरीनं आईला बोलावून घेतलं आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. "तिच्या हातून सुटलेल्या गोलचं तुम्हाला कुणी सांगितलं? मुद्दाम दाखवलंत, म्हणते ती."

तेव्हा मास्तरांनी सगळं कबूल केलं. आयुष्यात एक नाटक पाहिलेलं नाही म्हणाले. माझ्यासमोर, रडत.

"अहो, गावभर लोक तुम्हाला विचारून नाटकं बघतात," सून म्हणाली. "निदान थाप तरी पटेल अशी मारा." आणि फोन ठेवला.

मग मी सुनेला फोन लावला. तिनं उचलला नाही.