लाल झेंडी आणि परदेशी गोल

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत सुभानइतकं जोरात पळणारं कोणी नव्हतं, हे खुद्द सुभानच सगळ्यांना सांगायचा. पण ते खोटंही नव्हतं. तो यार्डात शंटिंगला होता. इंजिनाने ढकलून दिलेला डबा आपला आपण घरंगळत निघाला की त्याच्याबरोबर पळायचं, ब्रेकच्या दांड्याला लटकायचं आणि त्याला थोपवायचं, हे त्याचं रोजचं काम. याच कामात त्याच्या थोरल्या भावाचा पाय गेला होता. त्यामुळे सुभानला यार्डातून कसं बाहेर काढावं, हा बायकोच्या, अकिलाच्या, जिवाला कायमचा घोर.

साठ-एकसष्ट साल असेल. दौंडच्या पुढे रुळांवर मालगाडी घसरली आणि मद्रासकडे निघालेला एक परदेशी फुटबॉल संघ दिवसभर दौंडला अडकून पडला. फोरमन परेरा साहेबांना फुटबॉलचं वेड. त्यांनी लगेच सामना ठरवला. त्याच गाडीत रेल्वेच्या मुंबईच्या संघाची निवड करणारे एक साहेब होते. कोणी चमकला तर त्याला मुंबईला नेऊ, ऑफिसात काम देऊ, असं ते बोलून गेले. ते कानावर आलं आणि अकिला जन्मात पहिल्यांदा मैदानावर आली.

परेरा साहेबांची युक्ती साधी होती. "सगळे मागे थांबा. त्यांना पुढे येऊ द्या. बॉल मिळाला की लांब मारा, आणि सुभान, तू पळ. बाकी डोकं चालवू नको."

"त्यात काय हाय साहेब, झोपंतबी पळंन मी," सुभान म्हणाला. पण मैदानात उतरायच्या आधी तो तांब्याभर पाणी प्याला आणि बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधत बसला.

युक्ती मात्र लागू पडली. पाहुणे हल्ले करकरून दमले. गोल होईना, तसे वैतागून सगळेच पुढे आले. तेवढ्यात आमच्या बचावातल्या संपतने चेंडू लांब मारला आणि सुभान सुटला. त्याला कोणी गाठेना. समोर एकटा गोलकीपर. अख्खी कॉलनी उभी राहून ओरडत होती.

आणि सुभान थांबला. चेंडूवर पाय ठेवून, शहाण्या बैलासारखा गप्प उभा.

गोलाच्या मागेच यार्ड होतं. तिथे रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंट्समन मच्छिंद्रने इंजिनाला लाल झेंडी दाखवली होती. ती इंजिनासाठी आहे, हे सुभानच्या ध्यानात येईपर्यंत पाहुण्यांनी चेंडू काढून घेतला आणि आमचीच युक्ती वापरून गोल केला. आम्ही हरलो.

"अनुभव नाही, दुसरं काय," परेरा साहेब म्हणाले. आम्ही एवढं सभ्य बोललो नाही. निवडीचे साहेब हसत हसत गाडीत बसून गेले.

मी सुभानचा शेजारी. मधली भिंत फळ्यांची, त्यामुळे त्या रात्री नवरा-बायकोचं बोलणं कान न लावताही ऐकू आलं.

"मुंबई गेली," सुभान म्हणाला. "तुझा घोर काय सुटला न्हाई."

"एवढी माणसं पळ पळ म्हणून वरडत हुती," अकिला म्हणाली. "मीबी वरडत हुते. तरी तुमी लाल बघून थांबलात. मला वाटायचं, यार्डात कुणी घाई केली तर तुमी पळत सुटत असाल. आज डोळ्यांनी बघितलं. आता जेवा."

मला त्याचा हेवा वाटला. माझ्या बायकोने एवढा भरवसा माझ्यावर कधी टाकला नव्हता. पण हे मी त्याला सांगितलं नाही. आधीच फुगलेला माणूस.