नख अडकलं तर

गेल्या वर्षी घाटात आमची जुनी गाडी उकळली. "निघताना पाणी बघा म्हटलं होतं," एवढंच बायको म्हणाली आणि पुढे दोन तास गप्प राहिली. घाटाखालच्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी इंजिन उघडलं, वरचं अॅल्युमिनियमचं हेड काढून पुसलं आणि बाकावर उलटं ठेवलं. त्यावर ओरखडेच ओरखडे होते. हे आता भंगारात जाणार, असं मला वाटलं.

मिस्त्रींनी डोळे मिटून अंगठ्याचं नख त्यावरून हळूच फिरवलं. "नख अडकलं तर काम करायचं," ते म्हणाले. "नाही अडकलं तर तो ओरखडा नुसता दिसायला. मऊ धातू आहे, उगीच घासत बसलं तर हेडच संपेल."

नख दोनच ठिकाणी अडकलं. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून मिस्त्री त्यावर हेड हलक्या हाताने घासू लागले. मी बघत राहिलो. संसारात आपण नेमकं उलटं करतो. नुसतं दिसणारं रोज घासतो आणि जिथे खरंच अडकतं, तिथे बोट न्यायची हिंमत होत नाही.

एवढ्यात बायको बोलली, पण मिस्त्रींशी. "माणसांना चालतो का हो हा नियम?"

"नाही वहिनी," ते मान वर न करता म्हणाले. "माणसाला नख लावून बघितलं की नवीन ओरखडा पडतो."

ती हसली. थर्मासमधला उरलेला चहा तिने दोन कपांत ओतला. एक मिस्त्रींना दिला. दुसरा बराच वेळ हातात धरून ठेवला आणि शेवटी माझ्याकडे सरकवला.