हरिहरकाकांचे बंद फोल्डर

२००३ साली रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचं सगळं काम हरिहर पाध्ये करायचे, आणि लॅबवर त्यांची काडीची सत्ता नव्हती. लांज्याहून रोज एसटीने यायचे, लिनक्स स्वतःच शिकलेले. ॲडमिनचा पासवर्ड मात्र विभागप्रमुख सरांच्या पाकिटात. मशीनला हात लावायचा सरांना कंटाळा, पासवर्डचा तोरा मोठा.

साठ मुलांना मिळून लॉगिन एकच. एकाचं प्रॅक्टिकल दुपारपर्यंत दहा जणांचं व्हायचं. प्रत्येकाला वेगळं खातं द्या, असे काकांनी तीन अर्ज केले. तिन्ही केराच्या टोपलीत गेले.

मग काकांनी पळवाट काढली. स्वतःच्या खात्यात एक डिरेक्टरी केली. तिच्यात शिरता येई, पण आत काय काय आहे ते दिसत नसे. आत प्रत्येकाचा एक फोल्डर. त्याचं नाव ज्याचं त्याने ठरवायचं. नाव ठाऊक असेल तोच उघडणार.

"काका, नक्की कोणी बघणार नाही ना?" सावनीने विचारलं.

"नाही गो बाय. मीसुद्धा नाही."

सावनी माझ्या शेजारी बसायची. प्रोजेक्टच्या नावाखाली सर मुलींना एकेकटं केबिनमध्ये बोलवत आणि अंगचटीला येत. त्याची तक्रार ती आपल्या बंद फोल्डरात तारीखवार लिहीत होती, सोमवारी प्राचार्यांना द्यायला.

बंद फोल्डरांची कुणकुण सरांना लागली. शनिवारी त्यांनी बाहेरचा माणूस बोलावून पासवर्ड दिला. ॲडमिनला सगळंच दिसतं. काकांना हे माहीत होतं. सर पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देतील हेच त्यांनी धरलं नव्हतं.

सोमवारी तक्रार झाली, पण ती सरांनी केलेली. सावनीने बदनामी केली, पाध्येंनी साथ दिली. 'आम्हांला हे फोल्डर नको होते' अशा कागदावर आम्ही सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या. प्रोजेक्टचे गुण सरांच्या हातात होते ना!

चौकशीत काका म्हणाले, "नियम मोडला, तो लिहा. पण त्या पोरीला मी शब्द दिला होता, तो खोटा ठरला. ते आधी लिहा."

कोणी लिहिलं नाही. त्यांची बदली भांडारात झाली.

सावनी कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली, तेव्हा काका भांडारातून धावत आले आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"तुम्ही नका हो काका," ती म्हणाली. "वर्गातलं एक तरी कोणी यायला हवं होतं."

मी पाच पावलांवर उभी होते. त्या केबिनमध्ये मीही दोनदा जाऊन आले होते. तरी पुढे झाले नाही.